ऐरोलीचं पाणी डेटा सेंटर पितं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आम्ही ऐरोलीत राहतो. सोसायटीपासून दीड किलोमीटरवर दोन डेटा सेंटर उभी राहिली, तिसऱ्याचा पाया खणताहेत. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कमी दाबाने येतं, मे महिन्यात रात्री दिवे जातात. मुलगी आठवीत आहे, ती म्हणते चॅटजीपीटीला एक प्रश्न विचारला की एक बाटली पाणी जातं. हे खरं का? आमचं पाणी आणि वीज हीच मंडळी खातात का? शिवाय रात्रभर घूंऽऽ आवाज येतो, त्याचं काय करायचं?’

आधी माझ्याबद्दल. मी डेटा सेंटरच्या आतल्या कॉम्प्युटरवाल्यांपैकी नाही. मी मागच्या अंगणातला माणूस: ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर), यूपीएस, चिलर (पाणी गार करणारं यंत्र), पंप. बावीस वर्षं हेच करतोय. सुरुवात लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका ऑफिसच्या एसी प्लँटवर. मग महापे, रबाळे. घर यावरच चालतं, तेव्हा माझं बोलणं जरा चाळून घ्या.

मुलीच्या बाटलीपासून सुरू करू. ही बाटली कुठून आली ते माहीत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हिशोब मांडला की जीपीटी-३ ची दहा ते पन्नास उत्तरं मिळून अर्धा लिटर पाणी लागतं. त्यात वीजनिर्मितीला लागणारं पाणीही धरलं होतं. तोंडातोंडी फिरताना ‘दहा ते पन्नास’ गळून पडले आणि ‘एक प्रश्न, एक बाटली’ उरलं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आपल्या जेमिनी या चॅटबॉटचा आकडा दिला: मजकुराच्या एका मध्यम प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी, म्हणजे पाचेक थेंब. दीड टनाचा एसी अर्धा सेकंद चालला की तेवढी वीज जाते. सकाळी आंघोळीला गीझर दहा मिनिटं लावता, त्या विजेत असे चौदाशे प्रश्न बसतात.

अर्थात गूगलचं पाणी म्हणजे फक्त डेटा सेंटरच्या आवारातलं पाणी. वीज बनवताना गेलेलं त्यात नाही. आणि हा आकडा साध्या मजकुराचा. व्हिडिओ बनवून घेतलात किंवा एखादं मॉडेल दहा मिनिटं ‘विचार’ करत बसलं तर खर्च कितीतरी पट होतो. तरी मुलीला सांगा, गृहपाठाचा प्रश्न विचारल्याचं पाप तिच्या माथी नाही. माणशी प्रश्नामागे हिशोब करत बसलं की खरा प्रश्न हातातून निसटतो. खरा प्रश्न ठिकाणाचा आहे. जगभरच्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०३० पर्यंत ती ९४५ वर जाईल. दीड टक्का ऐकून कुणी दचकणार नाही. पण ती वीज जगभर सारखी पसरलेली नसते. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के एकट्या डेटा सेंटरनी घेतली. भारतातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई परिसरात आहे, कारण समुद्राखालच्या केबल वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर येतात, शेअर बाजार आणि बँका इथे आहेत, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीची जमीन, मोठी वीज आणि पाणी एकाच जागी मिळत होतं. तुमच्या दारात ती का आली, याचं उत्तर एवढंच.

आता पाणी.

सर्व्हर वीज खातो आणि ती सगळीच्या सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. सगळी म्हणजे सगळी. कॉम्प्युटर हा शेवटी महागडा हीटरच आहे. ती उष्णता इमारतीबाहेर फेकायचे आमच्याकडे मुख्यतः दोन रस्ते. एक, कूलिंग टॉवर: गरम पाणी वरून शिंपडायचं, थोडं वाफ होऊन उडतं, बाकीचं गार होतं. माठ गार होतो तोच नियम. दुसरा, एअर-कूल्ड चिलर: घरच्या एसीच्या आउटडोअर युनिटचा थोरला भाऊ. गच्चीवर पंख्यांच्या रांगा, पाणी जवळपास शून्य, वीज जास्त.

टॉवरचा हिशोब कागदावर करून बघा. एक युनिट (किलोवॉट-तास) उष्णता पाण्याने उडवायची तर साधारण दीड लिटर पाणी वाफ होतं. हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही कंपनीला त्यात सूट नाही. सर्व्हरचा भार दहा मेगावॉट असेल तर ताशी पंधरा हजार लिटर. त्यावर कॉम्प्रेसरची उष्णता आणि ‘ब्लोडाउन’ धरा. पाणी उडतं पण क्षार मागे राहतात, म्हणून खालचं खारट पाणी अधूनमधून गटारात सोडावं लागतं. एकूण ताशी वीस हजारांच्या आसपास. दिवसाला पावणेपाच लाख लिटर, दहा हजारी टँकर अठ्ठेचाळीस. माणशी १३५ लिटर धरले तर साडेतीन हजार माणसांचं पाणी. हे दहा मेगावॉटचं. हल्ली एकेका कॅम्पसच्या जाहिरातीत शंभराच्या खाली कुणी बोलत नाही.

पण मुंबईत एक गंमत आहे. टॉवर किती चालेल ते हवेतल्या दमटपणावर ठरतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, आमचं वेट बल्ब तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते तो आकडा) सत्तावीस-अठ्ठावीसवर जातं. मग टॉवर कितीही पळवा, पाणी एकतीस-बत्तीसच्या खाली उतरत नाही. माठ पावसाळ्यात गार होत नाही, तसंच. मला आठवतं, एका जूनमध्ये टँकरचं बोअरचं पाणी टॉवरला वापरावं लागलं. तीन आठवड्यांत कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता टॉवरच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या) नळ्यांत चुन्याचा असा थर बसला की चिलर हाय प्रेशरवर ट्रिप व्हायला लागला. रात्री दोन वाजता कव्हर उघडून आम्ही ब्रशने नळ्या घासत होतो, एकेक करून, तीनशेच्या वर. त्या दिवसापासून पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मी स्वतः मोजतो. तर सांगायचं हे, की बेभरवशाचं पाणी आणि दमट हवा यामुळे इथे बरेच जण एअर-कूल्ड घेतात. पाण्याच्या प्रेमापेक्षा पाण्याच्या धास्तीने.

तुमच्या समोरच्या इमारतीत काय आहे ते कुणालाही न विचारता कळतं. जानेवारीत सकाळी सात वाजता गच्चीकडे बघा. पांढरा वाफेचा लोट वर जाताना दिसला तर टॉवर. नुसते पंखे आणि आवाज असेल तर एअर-कूल्ड. रात्रभर घूंऽऽ ऐकू येतं म्हणता, त्यावरून माझी अटकळ दुसऱ्याची आहे.

तुमच्या नळाचा आणि त्यांच्या नळाचा संबंध किती? टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर, औद्योगिक पट्ट्याला एमआयडीसी पाणी देते, ते बारवी धरणाचं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण मोरबे, खालापूर तालुक्यातलं. त्यामुळे नेरूळ-वाशीवाल्याने डेटा सेंटरला पाण्यासाठी शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण ऐरोली, दिघा, घणसोलीच्या काही भागांत पालिका एमआयडीसीकडून घेतलेलं पाणीही देते. तिथे मात्र वाटेकरी एकाच हंड्याचे आहेत. दाब कमी येण्यामागे डेटा सेंटरच आहे असं मी म्हणणार नाही. एमआयडीसीच्या शटडाउनचे, गळतीचे आणि वाढलेल्या टॉवरांचे (आपल्या राहत्या टॉवरांचे) वाटे त्यात मोठे आहेत. मात्र विचारायचा प्रश्न यातून मिळतो. पालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे, प्रत्येकी वीस दशलक्ष लिटरचे प्रकल्प उभारले, ते पाणी कारखान्यांना विकण्यासाठीच. कूलिंग टॉवरला पिण्याचं पाणी लागत नाही. मी स्वतः प्रक्रिया केलेल्या पाण्यावर टॉवर चालवला आहे. औषधांचा खर्च वाढतो, फिल्टर जास्त धुवावे लागतात, बाकी काही बिघडत नाही. एखादं सेंटर टॉवर लावून बारवीचं पाणी उडवत असेल आणि शेजारी प्रक्रिया केलेलं पाणी उपलब्ध असेल, तर त्यांना जाब विचारायला हवा.

इथवर लोक येतात आणि थांबतात. पुढचं पाणी दिसत नाही, कारण ते ऐरोलीत नसतं.

कोळशावरच्या वीज केंद्राला, ते समुद्रकाठी नसेल तर, एका युनिटमागे तीन ते साडेतीन लिटर पाणी वापरण्याची सरकारी मर्यादा आहे. आपलं दहा मेगावॉटचं सेंटर घ्या. गारवा, यूपीएसमधली तूट, दिवे धरून त्याला पंधरा मेगावॉट लागतात, म्हणजे दिवसाला ३ लाख ६० हजार युनिट. ही वीज कोळशाची असेल तर तिथे दिवसाला दहा लाख लिटरच्या वर पाणी गेलं. आवारातल्या टॉवरच्या दुप्पट! एअर-कूल्ड लावून ‘आम्ही पाणी वापरत नाही’ असं फलकावर लिहिणाऱ्याने हे दहा लाख लिटर चंद्रपूरला किंवा परळीला पाठवलेले असतात. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्याने चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये परळीचं केंद्र पाण्यावाचून थांबलं. तरी प्रामाणिकपणे सांगतो, एअर-कूल्डमुळे जास्तीची वीज लागते तिचं कोळसा-केंद्रातलं पाणी मोजलं तर ते दिवसाला लाखभर लिटर होतं आणि टॉवरचे पावणेपाच लाख वाचतात. पाण्यात फायदाच आहे. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: रोज ३६ हजार युनिट जास्त, युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर पंचवीस टन.

मुंबईला ही सवय जुनी आहे. गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू केलं. पाणी घाटावरच्या तलावांचं. पुढे मुळशीचं धरण आलं, १९२१ ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, धरण झालंच आणि १९२७ पासून त्या पाण्यावर भिऱ्याचं वीज केंद्र चालतं. भीमेच्या खोऱ्यातलं पाणी आजही कोकणात उतरतं. आमच्या कंट्रोल रूममध्ये वीज ‘इनकमर एक’ आणि ‘इनकमर दोन’ अशा दोन ब्रेकरमधून येते. त्यापलीकडे कुणाची शेतं आहेत ते पॅनलवर दिसत नाही.

आता विजेचं. पंधरा मेगावॉट म्हणजे महिन्याला एक कोटी आठ लाख युनिट. महिना अडीचशे युनिटवालं घर धरलं तर त्रेचाळीस हजार घरं. पण तुमचे दिवे मे महिन्यात जातात ते यामुळे, असं समीकरण जुळत नाही. डेटा सेंटर वीज उच्च दाबावर, स्वतंत्र फीडरने घेतं. तुमची गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून येते. रात्री अकराला सगळ्या सोसायटीचे एसी सुरू झाले की तो ट्रान्सफॉर्मर किंवा त्याची जुनी केबल गळपटते. तक्रार महावितरणकडे आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेची करा.

मोठ्या पातळीवर मात्र संबंध आहे. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मी महाप्यात पॅनल रूममध्ये होतो. कोरोनामुळे माणसं निम्मी. दोन्ही इनकमर एकदम मेले. असं कधी होत नाही. एक जातो, दुसरा असतो. पडघा-कळवा बाजूच्या चारशे केव्हीच्या लाइन गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात. यूपीएसने भार घेतला, डीजी सुरू झाले, एक सोडून. त्याची स्टार्टिंग बॅटरी महिनाभर चार्ज होत नव्हती आणि चेकलिस्टवर टिक मात्र रोज होती. सर्व्हर चालू, पण चिलर परत उठायला वेळ घेतो. हॉलमधलं तापमान चोविसावरून एकतीसवर जायला सात मिनिटं लागली. ती सात मिनिटं मी थर्मामीटरकडे बघत उभा होतो. नंतर चेकलिस्टची वही मी ऑडिटरच्या आधी स्वतः फाडली.

हे मुद्दाम सांगितलं, कारण एआयने नेमकं इथे गणित बदललं आहे. त्या हॉलमध्ये एका रॅकला (सर्व्हरच्या कपाटाला) पाच-सहा किलोवॉट लागत. एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ या रॅकमध्ये ७२ चिप असतात आणि तो एकटा सुमारे १२० किलोवॉट घेतो. माणसाच्या उंचीच्या एका कपाटात ऐंशी एसींची वीज! तिथे सात मिनिटं मिळत नाहीत, सेकंद मिळतात. म्हणून चिपवर थेट पाणी खेळवतात आणि पंपही यूपीएसवर घेतात. दुसरं म्हणजे एआय मॉडेल शिकवण्याचं काम, ट्रेनिंग, चालू असताना हजारो चिप एकाच तालावर काम करतात: क्षणभर गणित, क्षणभर एकमेकांशी बोलणं. भार त्या तालावर वरखाली होतो, मोठ्या सेंटरमध्ये काही सेकंदांत कित्येक मेगावॉटने. हे बॅटरीने आत दाबून ठेवलं नाही तर शेजारच्या सबस्टेशनला जाणवतं.

यातच आमच्या कामातली एक चांगली बातमी लपली आहे, फारसं कुणी बोलत नाही. चिपला थेट पाणी द्यायचं तर ते बर्फगार लागत नाही; चाळीस अंशांच्या आसपासचंही चालतं. मुंबईची हवा त्याच्या वर क्वचितच जाते. म्हणजे कॉम्प्रेसर बंद ठेवून, नुसत्या कोरड्या रेडिएटर-पंख्यांवर, टॉवरशिवाय ही उष्णता टाकता येते. आतलं पाणी बंद नळीतच फिरतं. साध्या सर्व्हरना इथे वर्षभर चिलर लागतो, एआयच्या रॅकना बराच कमी. थोडी उष्णता हवेत राहतेच, तिला एसी लागतो. पण नव्या इमारतीत ही सोय नसेल तर ती आळसापोटी नाही, असं मला पटवून द्यावं लागेल.

आणि ती ‘शंभर टक्के हरित’ची पाटी. बहुतेकदा ती वर्षाच्या बेरजेवर असते. शंभर मेगावॉटचं सेंटर वर्षाला ८७ कोटी ६० लाख युनिट घेतं. सोलरने तेवढे भरायचे तर साधारण पाचशे मेगावॉटचा प्रकल्प आणि दोन हजार एकर लागतील, सोलापूर-धाराशिवकडे कुठेतरी. दुपारी तो पाचपट वीज ओततो, रात्री दोनला शून्य. सर्व्हर रात्री दोनलाही तितकेच जागे असतात, तेव्हा वीज कोळशाची. रात्रीची सोय व्हायची तर पंप्ड स्टोरेज हवं: जादा विजेने पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज काढायची. भिऱ्याला दीडशे मेगावॉटचं आहे. टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी शिरवटा (१,८०० मेगावॉट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॉट) यांचा करार केला. पुन्हा तेच घाट. दरम्यान मुंबईत बाहेरची वीज आणायला खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाइन २०२३ मध्ये सुरू झाली, कुडूस ते आरे हजार मेगावॉटच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी) लाइनचं काम हाती घेतलं गेलं. राज्यातल्या पारेषणाचा खर्च सगळ्या वितरण कंपन्यांत मागणीच्या प्रमाणात वाटला जातो आणि शेवटी सगळ्यांच्या बिलात येतो, तुमच्याही. त्यामुळे ‘त्यांची वीज, त्यांचा प्रश्न’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

तिसऱ्या सेंटरचा पाया खणताहेत म्हणालात. माहिती अधिकारात विचारायचं असेल तर आत्ता विचारा, खोदकाम चालू आहे तोवर: मंजूर वीजभार किती आणि कुठल्या सबस्टेशनवरून, पाण्याची जोडणी किती आणि कुठल्या स्रोताची, प्रक्रिया केलेल्या पाण्याची अट घातली आहे का. पहिला प्रश्न महावितरण आणि महापारेषणला, बाकीचे एमआयडीसीला. इमारत उभी राहिल्यावर पाइप बदलायला कुणी तयार होत नाही.

राहिला आवाज. तो गच्चीवरच्या चिलरच्या पंख्यांचा असणार. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवरच्या अॅपचं मोजमाप पुरावा म्हणून चालत नाही, पण अंदाज येतो. तुमच्या बेडरूमच्या खिडकीत रात्री दोनला, बाजूच्या रस्त्यावर ट्रक नसताना मोजा. पन्नासच्या वर येत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून अधिकृत मोजमाप मागा, आणि सेंटरच्या फॅसिलिटी मॅनेजरला थेट भेटा. रात्री हवा गार असते, पंखे कमी वेगाने चालवता येतात. बऱ्याच ठिकाणी ते सेटिंग कंट्रोलरमध्ये आधीपासून असतं, कुणी सुरू केलेलं नसतं. त्याला ‘नाइट मोड लावलाय का’ एवढंच विचारा. आणि महिन्यातून एकदा दिवसाढवळ्या अर्धा तास काळा धूर आणि मोठा धडधडाट येत असेल तर घाबरू नका, ती डीजीची टेस्ट आहे. ती झाली नाही तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.